अक्यूट ल्युकेमियाचे रिपोर्ट कसे वाचायचे: पेशी कुठे अडकली, कशी वाढली

अक्यूट ल्युकेमियाचं, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचं, निदान एका कागदावर येत नाही. आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) येतो, मग स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर), दोन-तीन दिवसांत बोन मॅरो (हाडातला मगज, जिथे रक्त बनतं) आणि फ्लो (पेशींवरच्या खुणांची चाचणी), आठवड्या-दहा दिवसांनी गुणसूत्रांचा कागद आणि सगळ्यात उशिरा जनुकांचा रिपोर्ट. घरचे लोक पहिल्या कागदावरचा पांढऱ्या पेशींचा आकडा पाठ करून बसतात. आजाराचा उगम मात्र शेवटच्या दोन कागदांवर असतो, आणि तोवर फाइल इतकी जाड झालेली असते की ते कागद कोणी नीट उलगडतच नाही.

प्रत्येक कागदाला विचारायचे प्रश्न तीनच आहेत. कोणत्या जातीची पेशी बिघडली? ती वाढीच्या कोणत्या पायरीवर अडकली? आणि अडकल्यावर तिला रेटा कोणी दिला? पुढे कागद त्याच क्रमाने घेतले आहेत. याच्या आधारे औषध ठरवायचं नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं ते कळावं, एवढंच काम.

आधी निरोगी मॅरो

मोठ्या माणसाचा बोन मॅरो दिवसाला सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी बनवतो, शिवाय साधारण १०,००० कोटींच्या घरात प्लेटलेट्स आणि जवळपास तितक्याच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी. एवढ्या उलाढालीच्या मुळाशी असलेल्या, प्रत्यक्ष कामावर असलेल्या स्टेम सेल (सगळ्या रक्तपेशींच्या मूळ पेशी) फार तर ५०,००० ते २ लाख. स्टेम सेल स्वतः क्वचितच विभागते. तिच्यापासून निघालेल्या पेशी पायरी-पायरीने विभागत आणि पक्व होत जातात. या वाटेवरच्या कोवळ्या, अजून काम न शिकलेल्या पेशीला ब्लास्ट म्हणतात. ब्लास्ट म्हणजे कॅन्सर, असं नाही. निरोगी मॅरोतही ५ टक्क्यांपर्यंत ब्लास्ट असतात. फरक इतकाच की ते थोडे दिवस विभागतात, पक्व होतात, रक्तात जातात आणि मरतात.

अक्यूट ल्युकेमियात ही वाट मध्येच बंद होते. पेशी पक्व होत नाही आणि मरतही नाही. इथे एक सार्वत्रिक गैरसमज आहे: ब्लास्ट भराभर विभागतात म्हणून आजार वेगाने वाढतो. मोजून पाहिलं तर निरोगी मॅरोतल्या कोवळ्या पेशींपेक्षा ब्लास्ट जलद विभागत नाहीत. कुठल्याही एका क्षणी त्यांतले बहुतेक स्वस्थच असतात. नळ जास्त सोडलेला नसतो, मोरी तुंबलेली असते. केमोथेरपी एकदाच देऊन का भागत नाही, फेऱ्या का कराव्या लागतात, याचं एक कारण हेच. बरीचशी औषधं विभागणाऱ्या पेशीला गाठतात आणि स्वस्थ बसलेली पेशी त्या फेरीत सुटते.

पहिला कागद: सीबीसी आणि स्मिअर

पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,००० असाव्यात हे सगळ्यांना माहीत असतं. अक्यूट ल्युकेमियात त्या २ लाख असू शकतात आणि १,२०० सुद्धा. आकडा कमी आहे म्हणून आजार सौम्य, असं अजिबात नाही. मॅरोतल्या आधारपेशी एक रासायनिक खूण सोडतात आणि ब्लास्ट त्या खुणेला धरून आत बसून राहतात. मॅरो गच्च भरलेला आणि रक्तात मात्र चार ब्लास्ट, असं चित्र त्यामुळे दिसतं. म्हणून एकट्या पांढऱ्या पेशी न बघता तिन्ही ओळी एकत्र बघा: हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, न्यूट्रोफिल. तिन्हींपैकी दोन खाली असतील आणि सोबत ताप, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर लाल ठिपके असतील, तर यंत्राच्या छापील रिपोर्टवर न थांबता काचेवरचा स्मिअर पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी बघायला हवा. यंत्र मोठ्या ब्लास्टला कधी मोनोसाइट समजतं, छोट्याला लिम्फोसाइट. ‘लिम्फोसाइट ८८ टक्के’ असा निरुपद्रवी दिसणारा छापील आकडा असतो आणि काच पाहिली की ते सगळे ब्लास्ट निघतात.

ब्लास्टच्या पोटात लालसर काडीसारखं काही दिसलं, तर रिपोर्टवर ‘ऑअर रॉड’ असं लिहितात. हे शब्द महत्त्वाचे. ऑअर रॉड दिसला की पेशी मायलॉइड (न्यूट्रोफिल, मोनोसाइट वगैरेंच्या) जातीची, म्हणजे आजार एएमएल (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया). लिम्फॉइड (लिम्फोसाइटच्या जातीच्या) ब्लास्टमध्ये, म्हणजे एएलएलमध्ये (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), या काड्या नसतात. त्याच काड्या एका पेशीत मोळी बांधल्यासारख्या दिसल्या तर मात्र पुढचं सगळं वाचन थांबवा. तो एपीएल, म्हणजे प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया असू शकतो. त्यात पांढऱ्या पेशी बहुधा कमीच असतात, पण रक्त गोठण्याची यंत्रणा कोसळते आणि मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन पहिल्या काही दिवसांतच जीव जाऊ शकतो. अशा वेळी पीटी, फायब्रिनोजेन, डी-डायमर या रक्त गोठण्याच्या चाचण्या त्याच दिवशी करतात आणि जनुकाचा रिपोर्ट हाती यायच्या आधी, नुसत्या संशयावर एट्रा हे औषध सुरू करतात. ‘सोमवारी रिपोर्ट आला की बघू’ हे इथे चालत नाही.

पांढऱ्या पेशी एक लाखाच्या वर असतील तर एक गणित करून बघा. एका मायक्रोलिटरला एक लाख, शरीरात रक्त सुमारे पाच लिटर. म्हणजे नुसत्या रक्तात ५०,००० कोटी पेशी. मायलॉइड ब्लास्ट आकाराने मोठे आणि चिकट असल्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. धाप, गुंगी, अंधुक दिसणं ही त्याची लक्षणं. अशा रुग्णाला हिमोग्लोबिन ७ आहे म्हणून घाईने रक्ताच्या पिशव्या चढवल्या तर आधीच दाट झालेलं रक्त आणखी दाटतं. म्हणूनच डॉक्टर तिथे हात आखडता घेतात. नातेवाइकांना तो हलगर्जीपणा वाटतो.

मॅरोचा नमुना: जिथे सगळं बिघडतं

मॅरो कमरेच्या मागच्या हाडातून काढतात. ब्लास्टचं प्रमाण ठरवण्यासाठी ५०० पेशी मोजायच्या असतात, रक्ताच्या स्मिअरवर २००. ब्लास्ट २० टक्के किंवा जास्त असले की अक्यूट ल्युकेमिया. ही रेषा पूर्वी ३० टक्क्यांवर होती, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणाने ती खाली आणली. मात्र काही विशिष्ट गुणसूत्र-बदल सापडले तर २० पेक्षा कमी ब्लास्ट असूनही निदान एएमएलच होतं. रेषा माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे. पेशीला ती ठाऊक नसते.

पुढच्या सगळ्या चाचण्यांचा कस या एका नमुन्यावर असतो, म्हणून यात होणाऱ्या चुका जरा सविस्तर.

पहिली चूक सुई टोचण्याच्या आधीच होते. मुलाचे पाय दुखतात, सांधे सुजतात, कोणीतरी संधिवात समजून स्टेरॉइड देतं. एएलएलचे ब्लास्ट स्टेरॉइडने झपाट्याने मरतात. चार दिवसांत मूल खेळायला लागतं, सीबीसी सुधारतो आणि नंतर केलेल्या मॅरोत काही सापडत नाही, किंवा अर्धवट सापडतं. आजार काही आठवड्यांनी परत डोकं काढतो; तोवर सुरुवातीचा खरा पेशींचा आकडा हरवलेला असतो आणि धोक्याची पायरी ठरवता येत नाही. मुलाच्या सीबीसीत दोन ओळी खाली असतील तर मॅरो होईपर्यंत स्टेरॉइड नको. आणि आधी दिलं असेल, मग तोंडाने असो वा इंजेक्शन, तर नाव, डोस आणि तारीख सांगायला लाजू नका.

दुसरी चूक नळीची. फ्लो आणि जनुकांसाठी जांभळ्या बुचाची ईडीटीए नळी लागते. गुणसूत्रांसाठी हिरव्या बुचाची हेपारिन नळी, कारण तिथे जिवंत पेशी वाढवून, विभागताना पकडायच्या असतात. हेपारिनमधला नमुना पीसीआरला (जनुकाच्या प्रती वाढवून शोधण्याच्या चाचणीला) गेला तर हेपारिन त्या प्रक्रियेतच अडथळा आणतं. नमुना गोठला तर पेशी मरतात, आणि तीच गत उन्हात दोन दिवस कुरिअरच्या खोक्यात पडलेल्या नमुन्याची. तालुक्याच्या गावातून शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला मॅरो सोमवारी दुपारी प्रयोगशाळेत उघडला जातो आणि रिपोर्ट येतो: ‘विभागणाऱ्या पेशी मिळाल्या नाहीत.’ हा नॉर्मल रिपोर्ट नव्हे. हा रिपोर्टच नव्हे.

तिसरी चूक ओढण्याची. पहिल्या ओढीत मॅरो येतो, दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत त्यात रक्त मिसळत जातं. स्लाइड पहिल्या थेंबांच्या हव्यात. उपचारांनंतर उरलेले ब्लास्ट शोधण्याच्या चाचणीसाठी तर पहिल्याच ओढीतला नमुना राखून ठेवावा लागतो, नाहीतर रक्ताने पातळ झालेल्या नमुन्यात आजार आहे त्यापेक्षा कमी दिसतो. सुईत काहीच आलं नाही तर ते ‘ड्राय टॅप’; मॅरो पेशींनी गच्च किंवा आत तंतू झालेले. मग हाडाचा बारीक तुकडा घेतात आणि तो फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी काचेवर टेकवून ठसा घेतात. हा ठसा राहून गेला की ब्लास्टचं रूप बघण्याची संधी गेली.

फ्लो: कोणत्या पायरीवर अडकली

फ्लो सायटोमेट्री पेशीच्या अंगावरच्या आणि आतल्या प्रथिनांच्या खुणा वाचते. रिपोर्टवर सीडी आणि आकड्यांची लांबलचक माळ असते. ती सगळी वाचायची गरज नाही. सीडी३४ आणि टीडीटी कोवळेपणाच्या खुणा. सीडी१९, सीडी२२, सीडी७९ए बी-जातीच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या लिम्फोसाइटच्या). पेशीच्या आतलं सीडी३ टी-जातीचं. एमपीओ, सीडी१३, सीडी३३, सीडी११७ मायलॉइड. सीडी४५ फिकट आणि पेशीच्या पोटात दाणे कमी, अशा घोळक्याला ब्लास्ट धरतात.

आता या खुणा आजाराच्या उगमाशी जोडा. सीडी१९ सोबत सीडी१० आणि टीडीटी असेल तर पेशी अँटिबॉडी बनवण्याची जनुकं जुळवण्याच्या पायरीवर थांबली आहे. त्या पायरीवर निरोगी पेशी आपलाच डीएनए मुद्दाम कापते आणि पुन्हा जोडते. कापणाऱ्या एन्झाइमचं नाव रॅग. ही कात्री भलत्या जागी चालली की पक्वतेला लागणारी जनुकंच छाटली जातात. लहान मुलांच्या एएलएलच्या एका मोठ्या गटात अशा चुकीच्या कापण्यांच्या खुणा स्पष्ट सापडल्या आहेत. शरीराला संसर्गाशी लढता यावं म्हणून असलेली यंत्रणाच इथे घात करते. टी-जातीत आजार थायमस या छातीतल्या ग्रंथीशी जोडलेला असतो, म्हणून छातीच्या एक्स-रेत मधोमध गाठ दिसते आणि झोपल्यावर श्वास कोंडतो. टी-एएलएलच्या अर्ध्याहून अधिक रुग्णांत नॉच१ जनुकात बिघाड असतो.

सीडी१९ ही खूण उपचाराचंही लक्ष्य आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून तयार झालेली, २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळालेली कार-टी थेरपी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून ल्युकेमियावर सोडणं) याच खुणेला धरते. उपचारांनंतर आजार उलटला आणि ब्लास्टने ही खूणच टाकून दिली असेल, तर लक्ष्यच उरत नाही. म्हणून उलटलेल्या आजारात फ्लो पुन्हा करावा लागतो, जुना कागद चालत नाही.

गुणसूत्रांचा कागद: पहिली ठिणगी

बहुधा २० विभागणाऱ्या पेशी तपासून एक ओळ लिहितात, उदाहरणार्थ: ४६,एक्सवाय,टी(८;२१)[१८]/४६,एक्सवाय[२]. छापील कागदावर हीच खूण रोमन अक्षरांत असते. वाचायची कशी? ४६ गुणसूत्रं, पुरुष, आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली, अशा पेशी १८, निरोगी २. तिरप्या रेघेच्या पुढे तोच बदल अधिक आणखी काही, अशी वेगळी फांदी लिहिलेली असेल तर तो नंतर उगवलेला उपक्लोन (क्लोन म्हणजे एकाच पेशीपासून झालेला पेशींचा गट). मूळ बदल सगळ्या आजारी फांद्यांत सारखा असतो, नवा बदल एकाच फांदीत. आजार कसा वाढत गेला याचा पहिला पुरावा इथे मिळतो.

एपीएलमध्ये १५ आणि १७ जोडले जातात आणि पीएमएल-रारा नावाचं जोडप्रथिन तयार होतं. रारा हा ए-जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनोइक आम्लाचा ग्राहक. जोडप्रथिन पक्वतेच्या जनुकांना कुलूप लावून बसतं. शरीरात नेहमी असणाऱ्या रेटिनोइक आम्लाने ते उघडत नाही, औषधी मात्रेतल्या एट्राने उघडतं. शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये २४ रुग्णांचे निष्कर्ष छापले तेव्हा जगाने प्रथम पाहिलं की ब्लास्ट मारावा लागत नाही, त्याला मोठं होऊ दिलं तरी तो संपतो. आर्सेनिक त्याच जोडप्रथिनाची दुसरी बाजू, पीएमएलची, पकडून त्याचा नाश घडवतं. पण पेशी एकदम पक्व होऊ लागल्या की ताप, धाप, वजनवाढ असा त्रास होऊ शकतो. एट्रा सुरू असताना रोज वजन करायला सांगतात ते यासाठी.

लहान मुलांच्या बी-एएलएलमध्ये १२ आणि २१ ची जोड अनेकदा सापडते, तिचं नाव ईटीव्ही६-रनएक्स१. ही ठिणगी बहुधा गर्भातच पडते. कशावरून? मुलाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी आजार झाला आणि जन्मानंतर टाचेतून घेतलेला रक्ताचा सुकलेला ठिपका कार्डावर जपलेला होता; त्या ठिपक्यात हीच जोड, त्याच जागी तुटलेली, सापडली. एकसारख्या जुळ्यांत एकाच वारेतून रक्त फिरतं, म्हणून एकात जन्मलेला क्लोन दुसऱ्यात पोचतो. पण ही जोड घेऊन जन्मलेल्या बाळांपैकी फार थोड्यांना आजार होतो. दुसरा घाव जन्मानंतर, काही वर्षांनी बसावा लागतो. वर्षाच्या आतल्या बाळांत दिसणारी केएमटी२ए जनुकाची मोडतोड मात्र वेगळी. ती जवळपास एकटीच पुरते, आणि एकाच वारेच्या जुळ्यांत एकाला हा आजार झाला तर दुसऱ्याला जवळपास नक्कीच होतो. जुळं भावंड असेल तर डॉक्टरांना ते पहिल्याच दिवशी सांगा.

मोठ्यांच्या बी-एएलएलमध्ये सुमारे चौथ्या हिश्श्यात ९ आणि २२ ची जोड, म्हणजे फिलाडेल्फिया गुणसूत्र असतं. त्याला गोळी आहे, म्हणून हा रिपोर्ट आठ-दहा दिवस थांबून न पाहता फिश (गुणसूत्रावरचा ठरावीक तुकडा चमकवून शोधण्याची चाचणी) किंवा पीसीआरने लवकर मागून घ्यावा. एएमएलच्या जवळपास निम्म्या रुग्णांत गुणसूत्रं नॉर्मल दिसतात. त्याचा अर्थ बिघाड छोटा आहे आणि सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, इतकाच.

जनुकांचा कागद: घटनाक्रम

स्टेम सेल वर्षाला साधारण १७ नवे बदल जमवते. साठीपर्यंत एकेका पेशीत हजारच्या घरात. बहुतेक निरुपद्रवी. एखादा बदल डीएनएमटी३ए, टेट२ किंवा एएसएक्सएल१ या जनुकांत बसला तर ती स्टेम सेल शेजारणींपेक्षा हळूहळू पुढे सरकते. सत्तरीपुढच्या दर दहांतल्या एका माणसात तरी असा क्लोन सापडतो, सीबीसी चोख नॉर्मल असताना. त्यांतले वर्षाला अर्धा ते एक टक्का लोक रक्ताच्या कॅन्सरकडे जातात, बाकीचे नाही. एएमएलच्या एका रुग्णात प्रथिनं बिघडवणारे बदल सरासरी १३ सापडतात, त्यांपैकी ५ च्या आसपास खऱ्या कामाचे. बाकीचे त्या पेशीने आयुष्यभर गोळा केलेलं जुनं सामान.

रिपोर्टवर प्रत्येक बदलापुढे व्हीएएफ नावाची टक्केवारी असते: वाचलेल्या प्रतींपैकी किती टक्क्यांत बदल होता. पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, त्यांतली बहुधा एक बिघडलेली. म्हणून व्हीएएफची दुप्पट म्हणजे बदल असलेल्या पेशींची टक्केवारी.

उदाहरणासाठी बनवलेले आकडे घेऊ. मॅरोत ब्लास्ट ८५ टक्के. डीएनएमटी३ए ४६, एनपीएम१ ४१, एफएलटी३-आयटीडी १५. दुप्पट करा: ९२, ८२, ३०. डीएनएमटी३ए ९२ टक्के पेशींत आहे आणि ब्लास्ट आहेत ८५. म्हणजे हा बदल ब्लास्ट नसलेल्या, नीट पक्व होणाऱ्या काही पेशींतही आहे. तो सगळ्यांत जुना, आजाराच्या आधीपासूनचा, कदाचित दहा-वीस वर्षांपूर्वीचा. एनपीएम१ ८२, ब्लास्टच्या आकड्याला जवळपास चिकटून. ल्युकेमिया इथे सुरू झाला. या जनुकात सहसा चारच अक्षरं जास्तीची घुसतात आणि केंद्रकात राहणारं प्रथिन बाहेर पेशीद्रवात जाऊन पडतं. एफएलटी३ ३० टक्के, म्हणजे एका फांदीला नंतर मिळालेला रेटा. वाढीचा संदेश न येताही ‘वाढ’ म्हणत राहणारं बटण.

हे वाचन करताना फसण्याच्या जागा तीन. पुरुषांत एक्स गुणसूत्रावरच्या जनुकाची एकच प्रत असते, तिथे दुप्पट करायचं नाही. दुसरी प्रत गळून गेली असेल, जसं टीपी५३ मध्ये होतं, तर व्हीएएफ ५० च्या वर जातो. आणि आयटीडी हा जनुकात दुबार आलेला लांब तुकडा असल्यामुळे काही पद्धतींत तो असतो त्यापेक्षा कमी मोजला जातो.

५० च्या आसपास नेमका बसलेला आकडा, विशेषतः डीडीएक्स४१, रनएक्स१, सीईबीपीए किंवा गाटा२ मध्ये, दिसला तर विचारा: हा बदल जन्मजात तर नाही? आजार ओसरल्यावरही तो ५० वरच राहिला तर संशय पक्का. खातरजमा त्वचेच्या छोट्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशींवर करतात. लाळ चालत नाही, तीत रक्तपेशी मिसळलेल्या असतात. सख्ख्या भावाचा मॅरो घ्यायचा बेत असेल तर हा प्रश्न आधी सुटला पाहिजे, नाहीतर तोच बिघाड भावाकडून परत आणला जातो.

इतिहास सांगतानाही उगमाचं भान ठेवा. पूर्वी दुसऱ्या कॅन्सरसाठी सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं घेतली असतील तर ५ ते १० वर्षांनी येणारा एएमएल बहुधा पाचव्या-सातव्या गुणसूत्राच्या हानीसह येतो. इटोपोसाइडनंतरचा १ ते ३ वर्षांत, केएमटी२ए तुटून. बेंझीनशी कामाचा संबंध, किरणोपचार, डाउन सिंड्रोम हेही सांगायचं. आजार संसर्गाने पसरत नाही. ताट वेगळं करायची गरज नाही.

‘महिन्यापूर्वी सगळं नॉर्मल होतं’

हे वाक्य प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं, आणि ते खरं असतं. निदानाच्या वेळी शरीरात सुमारे १ लाख कोटी ल्युकेमिया पेशी असतात, वजनात किलोभर. एका पेशीपासून तिथवर पोचायला ४० दुपटी लागतात. तिसाव्या दुपटीला पेशी १०० कोटी होतात. आकडा प्रचंड, पण मॅरोच्या हिशेबात हजारात एक. सीबीसी नॉर्मल, माणूस ठणठणीत. उरलेल्या फक्त दहा दुपटींत सगळं कोसळतं. एक दुप्पट चार दिवसांची धरली तर चाळीस दिवस. आधीच्या डॉक्टरांनी काही चुकवलं असेलच असं नाही.

वाढीला कच्चा माल लागतो, डीएनए बनवायला फोलिक अॅसिड. या धाग्याचं एक टोक परळला आहे. हाफकिन संस्थेत काम करताना ल्यूसी विल्स यांनी १९३० च्या सुमारास मुंबईतल्या गरीब गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगावर यीस्टचा अर्क देऊन पाहिला. त्यातला उपयोगी घटक पुढे फोलेट ठरला. अमेरिकेत बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना ल्युकेमियाच्या मुलांत फोलेटच्या संयुगांनी आजार उलट भडकलेला दिसला. त्यांनी उलटा विचार केला. आंध्रात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने दिलेलं फोलेटविरोधी अॅमिनोप्टेरिन १९४८ च्या अहवालातल्या १६ पैकी १० मुलांत, थोडे दिवस का होईना, लागू पडलं. आजचं मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. म्हणून अशक्तपणा आहे म्हणून घरच्या घरी टॉनिकची बाटली सुरू करू नका. तीत फोलिक अॅसिड असतं, आणि कधी द्यायचं ते मेथोट्रेक्सेटचं वेळापत्रक ठरवतं.

उपचारांनंतरचे आकडे

‘रेमिशन’ म्हणजे मॅरोत ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली आणि रक्त सावरलेलं. पण सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या १,००० कोटी पेशी तेव्हाही असू शकतात. म्हणून एमआरडी, म्हणजे उरलेला आजार मोजण्याची चाचणी. ०.०१ टक्का म्हणजे दहा हजारांत एक. त्या पातळीलाही शरीरात १० कोटी पेशी राहू शकतात. रिपोर्टवर नुसतं ‘निगेटिव्ह’ न बघता चाचणी कुठवर बघू शकली, किती पेशी मोजल्या आणि नमुना पहिल्या ओढीचा होता का, ते बघा.

वरच्या उदाहरणातल्या रुग्णाचा रेमिशनचा कागद आला: एनपीएम१ नाही, एफएलटी३ नाही, डीएनएमटी३ए ३५. घाबरायचं कशाला? ल्युकेमिया गेला आहे, त्याच्या आधीचा जुना क्लोन उरला आहे. केमो त्याला सहसा हलवत नाही. त्याच्यावर डोळा ठेवायचा, पण मागोवा एनपीएम१ चा घ्यायचा. पुढे कधी आजार उलटलाच तर एफएलटी३ पुन्हा तपासायचं, कारण ती फांदी गळालेली असू शकते किंवा नवी फुटलेली असू शकते, आणि गोळी त्यावर ठरते.

हे सगळं पहिल्या दिवसाच्या खुणांशी ताडून बघायचं असतं. दुसऱ्या शहरात उपचारांना जाताना लोक डिस्चार्ज कार्ड नेतात आणि निदानाचा फ्लो, गुणसूत्रांचा कागद, जनुकांचा रिपोर्ट घरी कपाटात राहतो. ते तीन कागद आणि मूळ मॅरोच्या न वापरलेल्या स्लाइड मागून घेऊन सोबत ठेवा.